एक्केचाळीस नंबरची सुरी

शनिवार, २४ ऑक्टोबर २००९. एटोबिको, कॅनडा. विमानतळाजवळच्या एका हॉटेलचा तळमजल्यावरचा हॉल.

हजर: नवरा, व्हीलचेअरवर. मी. मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची. नवऱ्याचा वसईचा मित्र, कारण व्हॅन त्याची होती आणि व्हीलचेअर चढवाउतरवायला दुसरा दणकट माणूस लागत होता. सुऱ्या आठ.

ते पान अजून माझ्याकडे आहे. सकाळी पावणेसातला ओट्याशी उभ्यानं लिहिलेलं. सुऱ्या माणसांच्याच यादीत का घातल्या ते आठवत नाही. बहुधा जागा उरली होती म्हणून. पण आठ लिहायला नको होतं. सात लिहायला हवं होतं. आठवी सुरी तडकलेली होती. ती विकायची नव्हती, आणि ती मी विकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सरळ सांगता येईल.

आर्ट नाईफ म्हणजे काय हे मला पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर कधीच समजावून सांगता आलं नाही. "म्हणजे कांदा कापायची नाही?" असं नणंद विचारायची. नाही, कांदा नाही, काहीच नाही. हातानं घडवलेलं पातं, त्याला चांदीची, हाडाची, शिंगाची नाहीतर बर्फाखालून निघालेल्या मॅमथच्या सुळ्याची मूठ. लोक ती विकत घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. ज्या प्रदर्शनाबद्दल मी सांगते आहे तिथे कुणीही उठून टेबल लावू शकत नसे. आमंत्रण यावं लागायचं. बावीस कारागीर, बावीस टेबलं. घेणारेही बोलावलेलेच. त्यांत संग्राहक असत, म्हणजे घेऊन ठेवणारे, आणि डीलर असत, म्हणजे घेऊन पुढे विकणारे. बुटांवरून ते ओळखता येतात, असं वसईचा मित्र म्हणायचा. डीलरचे बूट झिजलेले असतात.

माझी आणि नवऱ्याची ओळख भोसरीतल्या एका कारखान्यात झाली. तो टूलरूमला, मी स्टोअरला. हत्यार हवं तर माझ्या खिडकीशी यायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, न्यायचं. मोडलं तर मोडलेले तुकडे परत आणून तसं लिहायचं. बाकी सगळे लिहायचे, "मोडला", "तुटला". हा लिहायचा, "४ मि.मी. टॅप, एक नग, वाढला." टॅप म्हणजे लोखंडात आटे पाडायचं हत्यार.

पहिल्यांदा मी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं आणि विचारलं, "वाढला म्हणजे? लांब झाला?"

"वाढला म्हणजे वाढला," तो म्हणाला. "तुकडे दिलेत ना तुम्हाला?"

"मग तुटला लिहा."

"आमच्या घरी तसं बोलत नाहीत."

त्यांचं घर कासाराचं. आई आठवडी बाजारात बांगड्या भरायची. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे सगळ्या मराठी घरांत आहे. पण त्यांच्याकडे ते बांगडीपाशी थांबलं नव्हतं. कप वाढायचा, आरसा वाढायचा, सायकलची चेन वाढायची. पुढे दोन वर्षं मी त्याला त्यावरून चिडवलं. "काय हो, आज काय काय वाढवलंत?" आणि मग लग्न केलं. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या कुणाला नाही कळला तर चाललं असतं. मला कळायलाच हवा होता.

कॅनडात आल्यावर तो आधी एटोबिकोत एका डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या शॉपमध्ये होता. वसईच्या मित्राची तिथलीच ओळख, शेजारच्या मशीनवर. मग ग्वेल्फला चांगली नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे घर घेतलं, आणि चार वर्षांनी तो प्लँट बंद झाला. तो पन्नाशीला आलेला. आठ महिने अप्लाय करत राहिला. त्या आठ महिन्यांत त्यानं बेसमेंटमध्ये छोटी भट्टी बसवली, हवा जायला नळकांडं काढलं, एका फार्म ऑक्शनमधून जुना व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणला आणि सुऱ्या करायला लागला. मी म्हटलं, "निदान नोंद तरी ठेव." तेवढं त्यानं ऐकलं. प्रत्येक सुरीला नंबर, वहीत एक ओळ, मराठीत.

सुरीतलं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे पाणी देणं. लालभडक तापलेलं पातं तेलात बुडवायचं. बरं झालं तर पोलाद कडक होतं. नाही झालं तर तेलातूनच बारीक "टिंग" ऐकू येतं. वर स्वयंपाकघरात मलाही ते ऐकू यायचं, आणि मग पाच मिनिटं खाली काहीच आवाज यायचा नाही. मग व्हाइसची मूठ फिरल्याचा आवाज, आणि एक खटका. तडा गेलेलं पातं तो जवळ ठेवायचा नाही आणि दुरुस्तही करायचा नाही. व्हाइसमध्ये धरून दोन तुकडे करायचा आणि कॉफीच्या एका मोठ्या डब्यात टाकायचा. वहीत लिहायचा, "वाढली."

"वितळवून परत वापर की," मी एकदा म्हटलं.

"डब्यात असू दे," तो म्हणाला. "दिसत राहतं."

प्रत्येक पात्यावर मुठीच्या जवळ तो स्वतःची खूण कोरायचा, बांगडीसारखं एक छोटं वर्तुळ. ती खूण असलेलं तडकलेलं पातं कुणाच्या घरात असणं, हे त्याला खोटी सही करण्यासारखं वाटायचं. मोठा अभिमानी माणूस होता असं नाही. पण ती एक गोष्ट होती.

मार्चमध्ये आमंत्रण आलं. पाच वर्षं त्याची वाट पाहिली होती. जुलैच्या मध्यावर एका सकाळी तो बेसमेंटच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला सापडला. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि बोलणं गेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. आला तर एखादा, अर्धा. स्पीच थेरपिस्ट चांगली बाई होती, ती त्याला चित्रं दाखवून इंग्रजीत विचारायची: कप कुठला, चमचा कुठला. इंग्रजी त्याचं सगळ्यात आधी पुसलं गेलं होतं. एक "हो" तेवढा स्पष्ट यायचा, पण तो सगळ्यालाच यायचा. चहा हवा का, हो. चहा नको का, हो. मी एका पुठ्ठ्यावर बारा चौकोन आखून तक्ता केला. पाणी, जेवण, वॉशरूम, दुखतंय, थंडी वाजते, झोपायचंय, टीव्ही, खिडकी, मुलीला फोन, देव, वर्तमानपत्र, पुरे. डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचं. तो तक्ता मी लॅमिनेट करून घेतला होता.

सप्टेंबरमध्ये प्रदर्शनवाल्यांचं पत्र आलं. टेबल तुमचंच आहे, घरच्यांनी सांभाळलं तरी चालेल. मी त्याला वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं आणि विचारलं, "जायचं?"

"हो," तो म्हणाला.

मी ते होकार म्हणून धरलं.

तयारीला मी चौदा कामांची यादी केली होती. तिसरं काम बेसमेंट आवरणं. सात सुऱ्या मोठ्या कपाटात ओळीनं होत्या, मखमली पिशव्यांत. आठवी वेगळ्या फळीवर, व्हाइसच्या वर, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेली. फडक्यावर लाल डाग होते. मला वाटलं गंज नाहीतर रंग. सुरी काढली तर सगळ्यांत देखणी तीच: नऊ इंची पातं, उत्तरेकडच्या मस्क ऑक्स नावाच्या केसाळ बैलाच्या शिंगाची मूठ, पातं आणि मूठ जुळतात तिथे चांदीचा पट्टा. मी ती पुसली, नवी पिशवी शिवली आणि बाकीच्यांच्या ओळीत ठेवली. फडकं धुवायला टाकलं. डाग निघाले नाहीत.

सातवं काम माहितीची कार्डं. ते मुलीला दिलं. तिला मराठी वाचता येतं, हळूहळू, ओठ हलवत. ती डायनिंग टेबलावर वही आणि लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी हॉलमध्ये फार्मसीच्या फोनवर होल्डवर होते. नवऱ्याचं रक्त पातळ करायचं औषध संपत आलं होतं.

"आई! वाढली मीन्स इन्क्रीज्ड, राइट?"

"हो," मी म्हटलं.

"लाईक, मेड लाँगर?"

तेवढ्यात फार्मसीची बाई लाईनवर आली. मी हातानंच हो, हो केलं.

संध्याकाळी कार्डं छापून झाली. मी तपासली. स्पेलिंग तपासलं, इंच तपासले, नंबर वहीतल्या नंबरांशी लावून पाहिले. वहीतली वाक्यं वाचली नाहीत. आठ कार्डं, आठ सुऱ्या. एक्केचाळीस नंबरच्या, म्हणजे त्या देखण्या आठव्या सुरीच्या, कार्डावर खाली लिहिलं होतं की या सुरीचं पातं कारागिरानं पूर्ण झाल्यावर लांबवलं आहे. मी सातव्या कामावर खूण केली.

शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये दहा वाजता घेणारे आत आले. श्रीमंती लग्नासारखी गर्दी, पण आवाज नाही. गालिचावर पावलं वाजत नव्हती. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा बिल्ला. विचारल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही, पात्याला बोट लावायचं नाही, हे इथले नियम. ज्याला जी सुरी हवी त्यानं आपलं नावाचं कार्ड त्या सुरीपुढच्या खोक्यात टाकायचं. बरोबर साडेअकराला कारागीर प्रत्येक खोक्यातून एक कार्ड काढणार, ज्याचं निघेल त्याला ती मिळणार. सुरी कारागिरानं स्वतः हातात द्यायची, मूठ पुढे करून.

मी नवऱ्याला टेबलाच्या मागे मधोमध बसवलं होतं. नवा शर्ट, उजवा हात उशीवर. सुऱ्या एकेक काढून निळ्या कापडावर मांडत गेले. पाच मांडेपर्यंत तो बघत होता. एक्केचाळीस नंबरची बाहेर आली तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"वा," तो म्हणाला. मग, "वाढ."

कितीतरी आठवड्यांनी आलेला नवा शब्द. मी खाली वाकले. "काय? परत म्हण."

"वाढ. वाढ."

"वहिनी, भूक लागली असेल त्याला," मित्र म्हणाला. "सकाळी साडेसहाला काय खाल्लंय त्यानं?"

मलाही तसंच वाटलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, पिशवीत चिवड्याचा डबा होता, पोळीचे रोल होते. मी कागदी डिशमध्ये रोलचे तुकडे केले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. त्यानं डाव्या हातानं डिश ढकलली. तुकडे गालिचावर पडले.

"बाबा, स्टॉप," मुलगी हळूच म्हणाली. "पीपल आर लुकिंग."

"अरे, चिवडा हवाय का? थांब." मी तक्ता काढून पुढे धरला. "दाखव काय हवं ते."

त्याचं बोट सगळ्या चौकोनांवरून फिरलं. खालच्या ओळीच्या शेवटी, "पुरे"वर थांबलं. ते चौकोन मीच आखले होते. पुरे म्हणजे जेवण पुरे. मी डबा बंद केला आणि गालिचावरचे तुकडे वेचायला खाली बसले. त्यानं परत "पुरे"वर बोट आपटलं. तीन वेळा. "कळलं रे," मी टेबलाखालून म्हटलं. "नाही देत."

साडेदहाला तो डीलर आला. पश्चिमेकडून, कॅलगरीच्या बाजूचा. साठीचा, मृदू बोलणारा, छोटी टॉर्च आणि भिंग खिशात. बूट झिजलेले होते. मित्रानं मला कोपरानं खुणावलं. त्यानं परवानगी मागून एक्केचाळीस नंबर उचलली, कार्ड वाचलं, भुवया वर केल्या.

"लांबवलंय? पूर्ण झाल्यावर? हे कसं करतात?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मित्राकडे पाहिलं. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, गप्प कसा बसेल?

"जुनी इंडियन पद्धत आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "घराण्यातली. सांगत नाहीत ते बाहेर."

आणि मराठीत माझ्याकडे वळून, "काय बोलू मग? मला माहीत नाय बोलू?"

डीलर हसला. नवऱ्याकडे वाकून त्यानं विचारलं, "सर, आता पुढे काम करणार?"

"हो," नवरा म्हणाला.

डीलरनं त्याच्या उशीवरच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं सुरी जशी होती तशी ठेवली, आणि मी पाहिलं, पुढच्या पाऊण तासात त्या खोक्यात जेवढी कार्डं पडली तेवढी बाकीच्या सातांत मिळून पडली नसतील. बातमी कशी फिरली ते दिसत होतं. लोक आधी सुरीकडे बघायचे, मग हाताकडे, मग खिशातून कार्ड काढायचे. मॉन्ट्रियलचा एक जाडा संग्राहक शेजारच्या टेबलाशी म्हणाला, "दोमाज," म्हणजे फ्रेंचमध्ये 'वाईट झालं', आणि मग इंग्रजीत, "आता या माणसाच्या एवढ्याच." त्याला वाटलं आम्हाला ऐकू गेलं नाही.

मी तेव्हा काय करत होते? कोण कोण येऊन गेलं त्याची यादी करत होते.

साडेअकराला चिठ्ठ्या. नवऱ्याचा डावा हात धरून मी तो प्रत्येक खोक्यात घातला. सात सुऱ्या गेल्या. प्रत्येक वेळी तो मूठ पुढे करून सुरी देत होता, आणि दर वेळी लोक हलक्या टाळ्या वाजवत होते. एक्केचाळीसच्या खोक्यात त्यानं हात घालू दिला नाही. मूठ आवळली. मग मुलीनं कार्ड काढलं. त्या डीलरचं निघालं.

डीलर पुढे आला. मी सुरी नवऱ्याच्या हातात ठेवली. त्यानं ती घट्ट धरली आणि छातीशी नेली.

"दे," मी म्हटलं.

"वाढ," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं. आजारानंतर ते एरवीही यायचं, टीव्ही बघतानाही.

"अरे दे ना. लोक थांबलेत."

"वाढ. वाढ. हो. हो."

मागे कुणीतरी बाई नाक पुसत होती. सगळ्यांना वाटलं की कारागिराला आपली शेवटची सुरी सोडवत नाही. मलाही तेच वाटलं, आणि मला लाज वाटली. एवढ्या लोकांपुढे, एवढा अबोल माणूस. मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. करंगळीपासून सुरुवात केली. पाचवं बोट सुटलं तेव्हा त्यानं जोर सोडून दिला. मी सुरी उलटी करून मूठ डीलरपुढे केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मित्र एकदा म्हणाला, "गेली तर गेली, राव. पोरगी सासरी जाते तशी." नवऱ्यानं डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी वही घेऊन बसले. कुठली सुरी कुणाकडे गेली ते त्याच्या ओळींपुढे लिहायचं होतं. चौतीस, पस्तीस, असं करत शेवटच्या पानावर आले.

"४१. पातं ९ इं. मस्क ऑक्स. मुठीच्या तोंडाशी. वाढली."

ओळीच्या शेजारी अंगठ्याचा लाल ठसा होता. टूलरूममध्ये तडा शोधायला एक लाल औषध लावतात. पुसून घेतल्यावर ते तड्यात तेवढं राहतं, रेघेसारखं दिसतं. नुसत्या डोळ्यांना किंवा भिंगालाही जे दिसत नाही ते त्यानं दिसतं. शेवटचं पॉलिश झाल्यावर त्यानं ते लावून पाहिलं असणार. चांदीच्या पट्ट्याच्या कडेला रेघ दिसली असणार. व्हाइसच्या वरच्या फळीवर त्यानं ती सुरी ठेवली ती तोडण्यासाठी. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला.

मी वही घेऊन त्याच्या खोलीत गेले. ओळीवर बोट ठेवलं. "हे सांगत होतास?"

"हो," तो म्हणाला. आणि यावेळी तो खरा होता, कारण त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आय आस्क्ड यू, आई." रागानं नाही. "आय आस्क्ड यू ट्वाईस."

"हो. विचारलं होतंस."

सोमवारी डीलरला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं: शब्द, बांगडी, लाल औषध. तो म्हणाला की सुरी त्याच्याकडे नाही. त्याच दिवशी दुपारी हॉटेलच्या लॉबीतच त्यानं ती एका संग्राहकाला दिली.

"कुणाला?"

"ते मी सांगत नाही, मॅडम. सांगायला लागलो तर माझ्याकडे कोण येईल?"

"मग त्यांना कळवा. आम्ही परत घेतो. त्यांना त्यांचं सगळं परत मिळेल."

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "ती सुरी आयुष्यात काही कापणार नाही. कपाटात राहणार आहे. तडा उद्याही एवढाच असेल आणि शंभर वर्षांनीही. तुम्ही सांगितलं नाहीत तर कुणालाच कळणार नाही."

"ह्यांना कळतं ना," मी म्हटलं.

मराठीत बोलून गेले, आणि "ह्यांना" म्हटलं, जे मी नवऱ्याला कधीच म्हणत नसे. इंग्रजीत परत सांगितलं. तो म्हणाला, पत्र लिहून पाठवा, मी पुढे पोचवीन. मी पत्र लिहिलं. त्यानं पोचवलं असेल. उत्तर आलं नाही. जानेवारीत दुसरं लिहिलं. त्यानंतर एकदा मित्रानं त्याच्या कॉम्प्युटरवर मला एका संग्राहकांच्या मासिकाचं पान दाखवलं. काचेच्या कपाटातला फोटो, मालकाचं नाव नाही. खाली मजकूर: कारागिराची शेवटची सुरी, निरोप देताना त्यानं एकच शब्द उच्चारला, जो त्याच्या भाषेत "वृद्धी"साठी वापरतात.

"बंद कर," मी म्हटलं.

"वहिनी, ते घराण्याचं मी बोललो नसतो तर..." तो म्हणाला. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. त्यानं काय केलं होतं? एक थाप मारली होती. बोटं मी सोडवली होती.

तक्त्यात मी तेरावा चौकोन वाढवला. व्हाइसचं चित्र काढलं. मला चित्र येत नाही, पण त्याला कळलं. पहिल्याच दिवशी त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शोधते आहे." मग रोज. सकाळचा चहा झाला की पहिलं बोट तिथे. काही दिवस मी खरं सांगितलं की उत्तर नाही आलं. काही दिवस सांगितलं की आज लिहिते. एक दिवस मी तक्ता पलंगाखाली सरकवला आणि दुपारपर्यंत काढला नाही. त्या दिवसाबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही.

२०११च्या फेब्रुवारीत, बर्फ शोव्हल करून मी आत आले तेव्हा तो गेला होता. शांतपणे, डॉक्टर म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, ही वॉज टायर्ड." अंत्यविधीला मित्र काळा सूट घालून आला आणि त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, मग चपापून हात जोडले. ते नवऱ्याला आवडलं असतं.

आता २०१२ आहे. ग्वेल्फचं घर विकायला काढलं आहे, नॉर्थ यॉर्कला एका बेडरूमचा कॉन्डो बघितला आहे, मुलीच्या ऑफिसपासून दोन स्टॉपवर. एजंट म्हणाली बेसमेंट रिकामं दाखवा. घर रिकामं करायच्या यादीतल्या बाविसांपैकी एकवीस कामं झाली. भट्टी गेली, नळकांड्याचं भोक बुजवलं, पोलादाच्या पट्ट्या मित्रानं नेल्या. कॉफीचा डबा मी ठेवला आहे. मोजला: अकरा पाती, बावीस तुकडे.

गेल्या आठवड्यात तिसरं पत्र पाठवलं, या वेळी मासिकाला. त्यात सुरीबद्दल सगळं लिहिलं आणि तो शब्द मराठीत हातानं लिहून खाली अर्थ दिला. छापतील असं वाटत नाही. मालकानं वाचलं तरी तो परत करील असंही वाटत नाही.

व्हाइस घेऊन जायला एकजण दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी सांगितलं की अजून एक काम आहे त्यावर. तो विचारतो किती दिवस. यादीतलं ते बाविसावं आहे, आणि त्याच्यापुढे मी अजून खूण केलेली नाही: क्र. ४१ परत मिळवणे. व्हाइसमध्ये धरून तोडणे. वहीत तारीख लिहिणे.